बाईची निवडक वीस गाणी

१२ मे
मेश्रामला धंतोलीच्या दवाखान्यात हलवलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही. तीस वर्षं शेजारच्या वर्गात गणित शिकवायचा. त्याचे पाढे भिंतीतून येऊन माझ्या कवितेत मिसळायचे. आता तोंडातून लाळ. बाहेर बाकावर बसलो. फिनाइलचा वास, समोर टीव्हीवर कुणी पनीर तळतंय. किळस आली सगळ्याची.
सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांचे ते इंग्रजी बाईच्या गाण्यांचे तवे तुमच्यापाशीच आहेत न जी? डॉक्टर म्हणते, आवडीचं ऐकवा."
हो म्हणालो. आणतो म्हणालो.

१३ मे
आणू कुठून. कुठंच लिहिलं नव्हतं, इथे लिहितो.
सात वर्षांपूर्वी, असाच मे. कूलरचं पाणी कपाटात शिरलं. तिन्ही तवे ओले. फडक्यानं पुसायचे की नाही? मी शहाणा, गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातले. नागपूरचं ऊन. तासाभरात तिन्हींचे द्रोण झाले. कुसुम म्हणाली, "मेश्रामभाऊजींना आजच सांगून टाका."
रविवारी तो आला ऐकायला. सुई तुटली म्हणालो. "मग आणू का गा मी?" "मिळत नाही आता." सात वर्षं सुई तुटलेलीच आहे. कुसुम गेली, तरी नाही सांगितलं. त्यानंही मग विचारणं सोडलं.

१४ मे
नितीननं बाईची गाणी मोबाइलवर काढून दिली. निवडक वीस. वर बाईचा हसरा फोटो. अख्ख्या जन्मात हसून गायली नसेल ती.
ऐकलं. ओकारी यावी. गाण्याआधी ती हलकेच खाकरायची, ते पुसून टाकलंय. मधे पियानोवाला एकटाच रमायचा, त्याला छाटलाय. आणि विरहाच्या गाण्याला चिकटून लगेच नाचाचं. तेराव्याच्या पंगतीत बँड.
नितीन म्हणाला, "बाबा, हे नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी असतं. तुमच्या शाळेच्या पुस्तकासारखं."


१५ मे
कालचं बोचतंय. बारा कडव्यांची कविता, पुस्तकात चारच. मी चालीवर म्हणून घ्यायचो, पोरांच्या आधी माझेच डोळे भरायचे. गाळलेली आठ कधी शोधलीही नाहीत. त्या चारांवरच जन्म काढला आणि स्वतःला रसिक म्हणवलं. बाईच्या वीस गाण्यांना नाकं मुरडतोय कोण, तर मी.
उद्या नेतो तीच. दुसरं आहे काय माझ्याकडे.

१६ मे
वहिनींनी आधी माझे हात पाहिले. मोबाइल दिसल्यावर, "तवे नाही आणले?" "घरी आहेत," म्हणालो. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच घाण वाटलं.
लावलं. मेश्राम डोळे मिटून. पहिलं, दुसरं, काही नाही. तिसरं ते अंगाईसारखं. आमच्या तव्यावर त्या बाजूचं शेवटचं. ते संपलं आणि लगेच ट्रम्पेट वाजलं. मेश्रामनं डोळे उघडले. डावा हात उचलला, तळवा पालथा केला, उताणा केला. पुन्हा पालथा.
"काय पाहिजे जी? पाणी देऊ?" वहिनी वाकून विचारतायत.
मला कळलं होतं. बाजू संपली की खाटेवर लोळत तो मला असाच हात करायचा. मी उठेपर्यंत करत राहायचा.
मग ओठ हलले. "पलटव."
पाच दिवसांतला पहिला शब्द. वहिनी रडायला लागल्या, नर्स धावत आली. आणि मी काय केलं, तर हातातला मोबाइल पालथा केला. खरंच केला. त्यानं पाहिलं ते. बराच वेळ पाहत होता.

१७ मे
सकाळी वहिनींचा फोन. "भाऊजी, बोलून राहिले थोडं थोडं. तुमचं नाव घेतलं. तवे घेऊन ये म्हणते त्याले."
माळ्यावरून पिशवी काढली. कुसुमनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेले तिन्ही द्रोण. मला फेकायचे होते, तिनं फेकू दिले नाहीत. एकावर कुरडईचा चिकट डाग अजून आहे.
पिशवी दाराशी ठेवली आहे. मोबाइलही चार्ज करून घेतलाय. भेटीची वेळ चारला. मनीषनगरहून ऑटोनं अर्धा तास धरावा. साडेतीन झालेत, चप्पल अजून घातलेली नाही.