कानानं सांभाळलेला सर्व्हर

३ मार्च, सोमवार
आज अपडेट पुढं ढकललं. खर्च: तीन चहा, पित्ताच्या दोन गोळ्या, अन् मनाली डॉक्टरांपुढं एक खोटं (केबल मागवलीय).
त्यांच्या हॉस्पिटलचा सर्व्हर तीन वर्षं मी सांभाळतो. एक अपडेट नाही, अन् एकदाही बंद पडला नाही. दुसरबीडला विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचो तेव्हापासून कान तयार आहेत. पंखा ऐकला की मशीनची तब्येत कळते. स्क्रीनकडं बघतो कोण.

४ मार्च, मंगळवार
डॉक्टरांनी बातमी पाठवली. कुठल्याशा हॉस्पिटलात जुन्या सॉफ्टवेअरमधून कोणी बाहेरचा शिरला, सगळे रिपोर्ट कुलूपबंद. शनिवारपर्यंत अपडेट कराच म्हणाल्या. हाव म्हणालो.
पंखा दोनदा ऐकला. उत्तम.

६ मार्च, गुरुवार
लॅबमधली धम्मशीला म्हणाली, कलाबाई म्हणून पेशंट आहे, तिची रक्त पातळ करायची गोळी मागचे रिपोर्ट पाहून ठरते. ते गेले तर काय अंदाजानं द्यायची? जेवण गेलं नाही.
अपडेट नाही केलं तर चोर शिरणार. केलं अन् मशीन उठलंच नाही, तर चोर मीच.
ठरलं. उद्या आधी बॅकअप.

७ मार्च, शुक्रवार
बॅकअप राहिला. डिस्क घरी होती. घर समोरच आहे, पण ऊन फार.

८ मार्च, शनिवार, सकाळी १०
धम्मशीलाला कलाबाईचे रिपोर्ट कागदावर छापून ठेव म्हटलं. कालच छापले म्हणाली. बटण दाबलं. डोळे मिटून पंखा ऐकला.

१०.०५
मशीन म्हणतं, अपडेट करण्यासारखं काहीच नाही. धसकाच बसला. नोंदी उघडल्या. दर महिन्याला कोणीतरी माझ्या नावानं आत येऊन अपडेट करून गेलंय. धम्मशीलाला हाक मारली, चोर तीन वर्षांपासून घरातच आहे म्हटलं.
ती म्हणाली, "मीच हाय न भाऊ. तुम्ही पंखा ऐकत बसता, मंग कोनाले तरी करा लागते का नाही? पासवर्ड तं तुम्हीच भिंतीवर लिहून ठेवला."

१०.३०
डॉक्टरांना फोन केला. सर्व्हर पूर्ण अपडेट आहे, असं सांगितलं. यात खोटं काही नाही.
तीन वर्षांतली अपडेटं छत्तीस. माझं एकही नाही.