धाकटीच्या प्रवासाआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, अविवाहित, पूर्वी टूर मॅनेजर आणि आता घरी बसलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाला वा लाडीगोडीला बळी न पडता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लाडीगोडी झालीच नाही असे नाही. माझा भाचा गेल्या महिन्याभरात चार वेळा फळे घेऊन आला. त्याआधीच्या चार वर्षांत तो एकदाही फिरकला नव्हता. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वीचे, याद्वारे रद्द समजावे.

घाईचे कारण असे. माझी बहीण, जिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणतात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी उद्या सकाळी पहिल्यांदा परदेशी निघाली आहे. एकटी, एकवीस दिवसांसाठी. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तीन वर्षेही जातील आणि तीन आठवड्यांचेही सांगता येत नाही. म्हणजे धाकटी परत येईल तेव्हा दार उघडायला मी असेन की नाही, हे नक्की नाही. माझी सगळी मालमत्ता एकीकडे आणि ही गोष्ट एकीकडे. पण कायद्याला आधी मालमत्ता लागते, म्हणून तिथून सुरुवात करते.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे घर स्वकष्टार्जित असून ते मी धाकटीला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. तिने राहावे, विकावे, हवे तर रिकामे ठेवून खिडकीत बसावे. धाकट्या आत्याला एवढी जागा काय करायची, असे भाच्याने सुचवून पाहिले. त्याच्या माहितीसाठी लिहिते की आतल्या खोलीत आमची आई एकोणीस वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि तिचे सगळे धाकटीने केले. मी येता-जाता चॉकलेटे आणत असे. आई गेली तेव्हा मी एका प्रसिद्ध धबधब्यासमोर उभी राहून लोकांची डोकी मोजत होते. ती पंचेचाळीस भरली, आणि मला हायसे वाटले.

कलम २. माझी पिवळी छत्री, जी उंच धरून मी चौतीस वर्षे माणसांना परदेशातून फिरवले, ती कंपनीच्या मालकांना द्यावी. त्यांनी ती एकदाही पावसात हातात धरलेली नाही. या चौतीस वर्षांच्या अनुभवावर मी शपथेवर सांगू शकते की माणसे परदेश पाहायला जात नाहीत, उरकायला जातात. बसमध्ये कोणी "हे काय आहे?" असे विचारत नाही, "हा देश झाला का?" असे विचारतात. डोंगर आले की सगळी बस घोरत असते आणि भेटवस्तूंचे दुकान आले की टवटवीत होते. एका बाईंनी माझ्याविरुद्ध दोन पानी तक्रार केली होती. कारण त्यांच्या विहीणबाईंनी पाहिलेला मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. त्यांना भरपाई नको होती. त्यांना एवढेच हवे होते की मनोरा पाहिला असे कंपनीने कागदावर लिहून द्यावे. मालकांनी ते लिहून दिले, शिक्क्यासकट, आणि वर मलाच समज दिली. त्या बाईंना मी माफ करते. मालकांना करत नाही.

कलम ३. माझे जुने पासपोर्ट, एकूण सात, भाच्याला द्यावेत. त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर नकाशा आहे आणि झालेल्या प्रत्येक देशावर त्याने टाचणी टोचली आहे. त्यातल्या दोन देशांत त्याचे विमान फक्त तेल भरायला थांबले होते. मी हे त्याच्या बायकोसमोर बोलून दाखवले, तेव्हा तो म्हणाला की खिडकीतून जमीन दिसली होती. माझ्या पासपोर्टांवर त्याच्यापेक्षा जास्त शिक्के आहेत, हे त्याला अनेक वर्षे सलते आहे. आता ते त्याचे झाले. मात्र माझ्या शिक्क्यांच्या टाचण्या त्याने स्वतःच्या नकाशावर टोचू नयेत.

कलम ४. माळ्यावरच्या तीन बॅगांमध्ये हॉटेलांतल्या साबणाच्या वड्या आहेत. त्या का जमवल्या हे मला विचारू नये. ज्याला घाण वाटत नसेल त्याने न्याव्यात.

कलम ५. या कलमात द्यायला काहीच नाही, कारण ज्यांना द्यायचे ते आता हयात नाहीत. ते पेशाने शिंपी होते. मुलाने हौसेने पाठवले म्हणून माझ्या टूरवर आले होते आणि पहिले सहा दिवस एक अक्षर बोलले नव्हते. सातव्या दिवशी एका लहानशा गावात बस वीस मिनिटे थांबली, फक्त स्वच्छतागृहासाठी. निघताना मी डोकी मोजली, पंचेचाळीस भरली, बस सोडली. पंचेचाळिसावे डोके टोप्या विकायला चढलेल्या फेरीवाल्याचे होते. दीड तासाने त्याने कुठे उतरायचे ते विचारले, तेव्हा माझे धाबे दणाणले. बस मागे वळवली. शिंपीबाबा गावाच्या चौकात बाकावर शांत बसले होते.

मी हात जोडले. ते म्हणाले, "बाई, बरं झालं विसरलात. इतक्या दिवसांत आज काहीतरी दिसलं."

मग ते परतीच्या वाटेवर बोलत राहिले. समोरच्या घरातली एक म्हातारी तीन तासांत चार वेळा दारात येऊन रस्त्याकडे बघून गेली. एक गवंडी एकच पायरी पुन्हापुन्हा उखडून बसवत होता, कारण ती त्याच्या मनासारखी होत नव्हती. एका माणसाच्या कोटाची झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली होती, आणि टाके हाताचे होते. या गावात अजून कपडा टिकवतात, असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले. बाकीचे चव्वेचाळीस जण खरेदीचा वेळ बुडाला म्हणून त्यांच्यावर फुरंगटून बसले होते. त्या चव्वेचाळीस जणांनी त्या दिवशी दोन शहरे केली, आणि रात्री जेवताना त्यांना एकाचेही नाव धड सांगता येईना. मला मात्र मालकांनी दोन वर्षे मोठ्या टूरवर पाठवले नाही.

त्या खेपेला घरी आले तेव्हा धाकटीने विचारले, कशी झाली टूर? मी म्हटले, काही नाही गं, एक म्हातारा हरवला होता, सापडला. एवढे बोलून दोन दिवस झोपले.

प्रत्येक खेपेला असेच होई. मी बॅग दारात टाकायची, झोपायचे, उठले की पुढच्या यादीला लागायचे. कपडे धाकटी धुवायची. धुण्याआधी खिसे तपासायची. तिचा परदेश म्हणजे माझ्या खिशांतली चिठोरी, हे मला दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हते.

कलम ६. आता दोन महिन्यांपूर्वी काय झाले ते लिहिणे भाग आहे, कारण त्यावरच पुढचे कलम उभे आहे. पहिल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की माझ्या पश्चात माझ्या बचतीतून धाकटीला जुन्याच कंपनीच्या टूरवर पाठवावे, चौदा देश, अठरा दिवस. मला वाटले, मी फार उदार झाले आहे. कागद तिला वाचायला दिला. तिने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"तू गेल्यावर मी जाऊन आले," ती म्हणाली, "तर येऊन सांगू कोणाला?"

मी म्हटले, सांगायलाच कशाला हवे, बघितले म्हणजे झाले.

"ताई, चौतीस वर्षं तू बघून आलीस. मला काय मिळालं त्यातलं?"

घरी येऊन सांगता यावे म्हणून जे परदेशी जातात, त्यांची मी जन्मभर टिंगल केली. ते पाल्हाळ लावतात, फोटो दाखवून शेजाऱ्यांचा जीव नकोसा करतात, हे सगळे खरे आहे. पण ते सांगतात तरी. मी माझ्या एकुलत्या एका बहिणीला इतक्या वर्षांत चार वाक्ये सांगितली नाहीत, आणि ती रोज समोर बसून माझ्या ताटात वाढत होती. याची मला लाज वाटते, आणि ती मी इथे नोंदवून ठेवते.

तिने मग कपाटातून एक बिस्किटाचा डबा काढला. त्यात माझ्या खिशांतले कागद होते. त्यातून तिने त्या गावच्या स्वच्छतागृहाची पावती काढली, जिच्यावर गावाचे नाव छापले होते, आणि म्हणाली की म्हातारा हरवला होता ते हेच ना, मग मी आत्ताच जाते, तू आहेस तोवर. सोळा वर्षे तिने ती पावती जपली होती, कारण त्या एका खेपेबद्दल मी एक वाक्य बोलले होते. मी सोबत येते म्हटले, तर नको म्हणाली. "तू घरी थांब. या वेळेस मी सांगणार."

मी मार्गावरची आणखी पाच शहरे सुचवली, तिने ती धुडकावली. भाच्याला कळले तेव्हा तो हळहळला. एकवीस दिवसांत एकच गाव? तेवढ्यात नऊ देश झाले असते, आत्या. पासपोर्ट आला, व्हिसा आला, तिकीट आले. तिची बॅग दारात उभी आहे आणि मी ती चार वेळा उघडून पाहिली आहे.

कलम ७. बचत आणि तिची अट. धाकटीच्या प्रवासाचा खर्च वजा जाता उरलेली बचत मी भाच्याला देत आहे, पण पुढील अटीवर.

या एकवीस दिवसांत मी गेले, तर धाकटीला फोनवर कळवू नये. ती पहिल्या विमानाने परत फिरेल. ती माझ्यावर चिडेल, चिडू द्यावे. ती आली की डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच खरे ते सांगावे. भाच्याने स्वयंपाकघरातल्या माझ्या खुर्चीत येऊन बसावे. त्या दिवशी धाकटी प्रवासाचे काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशीही बोलणार नाही. भाच्याने रोज यावे, फळे न आणता यावे, आणि ती बोलेपर्यंत येत राहावे.

ती बोलू लागली की फोन बंद ठेवावा. आम्हीही गेलो होतो, असे म्हणू नये. त्याहून मोठे आम्ही अमुक ठिकाणी पाहिले, असे तर अजिबात म्हणू नये. ती एका पायरीबद्दल दोन तास बोलली तर दोन तास ऐकावे. अट पुरी झाली की नाही हे फक्त धाकटी ठरवेल, कोर्ट नाही. भाच्याला हे जमणार नसेल तर ही रक्कम, जो कोणी बसून तिचे सगळे ऐकेल, त्याची.

ती मध्येच गप्प झाली, तर संपले असे समजून उठू नये. थोडे थांबावे, आणि "मग?" असे विचारावे.

वरील मजकूर वाचून, समजून, चष्मा लावून मी त्यावर सही केली आहे. धाकटीला तो दाखवलेला नाही.

सही: थोरली

आमच्यासमक्ष सही झाली. सही करताना हात स्थिर होता, डोळे नव्हते.

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, पहिला मजला (सही)
साक्षीदार २: तळमजल्यावरचे चावीवाले (सही)

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: १४ सप्टेंबर, संध्याकाळचे साडेपाच, धाकटी बॅगेला कुलूप आणायला गेलेली असताना