माझी गाठ, तुमच्यावरचा आळ

आत्याबाई,

काल राहू गावच्या घाटावर तुमचा दहावा झाला. मागं बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "लई कडक व्हती म्हातारी. सुनंला माहेरी हाकलली व्हती." मी ऐकलं आणि पदर पुढं ओढला. तुमची सून असून मला तोंड उघडता आलं नाही. कालपासून त्याचीच लाज मला खातेय, म्हणून लिहितेय.

खोकताना माझ्या रुमालात पहिल्यांदा केस आला, तेव्हा मी तो चुलीत टाकला होता. मग पुन्हा पुन्हा येऊ लागले. बाईच्या छातीतून केस निघतात, हे कुणाला सांगायचं? मला करणीच वाटली. एकदा मोरीत तुम्ही मला धरलंत, रुमाल उजेडात नेऊन पाहिलात आणि म्हणालात, "करणी करायला कुणाचं काय घेतलंयस तू? दवाखान्यात चल."

दौंडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून पुण्याला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "हृदयाशेजारी गाठ आहे. आत केस आणि चरबी. फार कमी जणांत दिसते. कॅन्सर नाही, पण फुप्फुसात फुटलीय. काढावीच लागेल."

माझी मान खालीच. तुम्ही विचारलंत, "हिचं काय चुकलं म्हून झाली का?"

"नाही आजी. आईच्या पोटात असतानाच होते ती."

"ऐकलंस?" तुम्ही मला म्हणालात.

ऐकलं होतं. तरी परतताना मी तुमचे पाय धरले. "गावात सांगू नका, आत्याबाई."

तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, सून शिरूरला माहेरी गेलीय. ह्यांनाही सणसवाडीच्या कंपनीत तेच सांगायला लावलंत. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले तेव्हा उशाशी तुम्हीच होता. गावानं मात्र भलताच अर्थ लावला.

बायका तुमच्याशी तुटक वागायच्या, मला दिसत होतं. पण तुम्ही एकदा तरी मला का नाही म्हणालात, की बाई, आता सांगून टाक? पूर्ण बरी झाले की सांगू, असं मी म्हणत राहिले. आणि तुम्ही शेतातून आलात, पाणी मागितलंत, ते प्यायच्या आधीच गेलात.

तेराव्याला सगळ्या जेवायला येतील. पानं वाढायच्या आधी मी उभी राहून सांगणार आहे. केस, गाठ, ऑपरेशन, आणि माहेरी गेल्याचं खोटं कुणासाठी होतं तेही. कुणी नाक मुरडलं तरी पुरं सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

तुमची सून,
सुवर्णा