वाफ्यासारखा सपाट

१९ जानेवारी, रविवार

गाडी परत गेली! शीळ रस्त्यावरून आत वळली, दुसऱ्याच खड्ड्यात पोट टेकलं आणि तिथेच घरघर. ड्रायव्हर उतरला, वाकून खाली बघितलं, मला म्हणतो, "आजी, हा रस्ता आहे की शेत?" मी म्हटलं, शेतच होतं बाबा. बाजूला टॉवर झाला, डंपर आमच्यातून गेले, म्हणून ही दशा.

गाडी कल्याणच्या त्या केंद्राची. म्हातारी, आजारी माणसं ठेवून घेतात तिथे. ह्यांना न्यायला आलेली. गेल्या शिमग्यात ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आनंदा, आमचा मुलगा, खोपटला फ्लॅटमध्ये. रविवारी येतो, पपई आणतो, बाबांच्या डोक्यावरून हात फिरवतो, जातो. उचलायचं, धुवायचं, भरवायचं मी. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी रडणारी बाई नाही. पण जमत नाही ते जमत नाही.

व्हीलचेअरसकट माणूस आत जातो म्हणून त्या गाडीचं पोट खाली असतं. रस्ता करा, मग फोन करा — असं सांगून ड्रायव्हर गेला.

आनंदा फोनवर म्हणतो, "आई, हळू बोल. बाबा तिथेच बसलेत ना?"

बसू दे. त्यांना काय कळतंय!

२० जानेवारी

रंभा आली. माझी जाऊ, पलीकडेच राहते. वास लागतो तिला.

"काय गो बाय, गाडी आल्या पावली गेली?"

"गेली. तुला काय, पेढे वाटायचेत?"

"भाऊजींच्या तोंडावर नको गो बोलू असं."

मी म्हटलं, अगं, आधी बोलत नव्हते, आता बोलता येत नाही. मला काय फरक पडला? भजनात तेवढा घसा काढायचे — रिकाम्या पिंपात दगड टाकल्यासारखा! मंडळातली माणसं भली म्हणून सोसलं. रंभा हसली, मग जीभ चावली. हे भिंतीकडे बघत होते. पोतं टेकवून ठेवावं तसे.

२२ जानेवारी

रंभाचा गुणाजी आमचा ट्रॅक्टर चालवतो. भावकीतलाच, म्हणून काम कमी आणि तंबाखू जास्त. म्हणाला, "काकी, जेसीबी बोलव. एका दिवसात रस्ता."

एका दिवसात ढीग, असं म्हण! जेसीबीवाला खरवडतो, बाजूला टाकतो, पुढच्या कामाला पळतो. दारात ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या मागे पातं लावायचं. पुढच्या वर्षी रस्ता बिघडला की परत आपणच करायचा. कोणाच्या पाया पडायला नको.

बैल होते तेव्हा जमीन सपाट करायला फळी फिरवायचो शेतात. वजनाला मी उभी राहायचे फळीवर. तेव्हा मी वजनदार नव्हते, तरी.

२५ जानेवारी

कल्याणला गेलेलो, मी आणि गुणाजी. अवजारांच्या दुकानात.

दुकानदाराने तीन वस्तू दाखवल्या. पहिलं नुसतं मागचं पातं. माती ढकलतं, पण ती दोन्ही बाजूंनी निसटते, मागे दोन बांध उभे राहतात. दुसरं लेझरवालं, मोठमोठ्या शेतांचं — वर डबडं, खाली डबडं. ते नुसतं बघितलं. तिसरी बॉक्स ब्लेड. नाव इंग्रजी पण वस्तू आपली — फळीला दोन्हीकडून भिंती घातल्या की झालं सूप! पुढे-मागे पाती, बाजूंना भिंती, आत दातांची रांग. उंचवटा आला की माती कापून पोटात घेते, खड्डा आला की तिथे सोडते. मला पटलं.

गुणाजी म्हणे सात फुटी घेऊ. "गावात वट राहील, काकी."

वट तू दाखवणार, ओढायचं ट्रॅक्टरने! आमचा ट्रॅक्टर लहान. ते सूप मातीने भरलं की ओढता आलं पाहिजे. मी घरून कासरा घेऊन गेलेले. मागच्या दोन चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मापून गाठ मारलेली. पातं गाठीपेक्षा आखूड नको, नाहीतर चाकाचा वळ मागे राहतो. पाच फुटी लावून बघितली. बोटभर जास्तच. बस.

दुकानदार हलकी खपवत होता, लालभडक रंगाची. मी एका टोकावर पाय दिला तर डुलली. म्हटलं, ही कडक जमिनीवर उड्या मारील. जड दे. तो गुणाजीला म्हणतो, "आजी इंजिनियर आहेत का?" गुणाजी म्हणतो, "नाय, भांडकुदळ हायेत." गाडीत त्याच्याशी बोलले नाही.

संध्याकाळी ओट्यावर आनंदाला फोन लावला. सांगितलं, असा रस्ता करते बघ — मिठागराच्या वाफ्यासारखा! पाणी ओतलं तर इकडे ना तिकडे! कळव्याच्या खाडीकडे मिठागरात वाढले मी. वाफ्याची जमीन पायांनी चोपून आरशासारखी करायचो आम्ही पोरी. मला सपाट कोणी शिकवू नये. ह्यांचंही काम तिथलंच — उघाडीवर. भरतीचं पाणी किती आत घ्यायचं, किती बाहेर सोडायचं ते हे बघायचे.

मी बोलत असताना ह्यांनी मान वळवून बघितलं. भूक लागली असेल. भात भरवला.

२६ जानेवारी

ह्यांनी ग्लास सांडला. ओटा पुसला.

२७ जानेवारी

परत! दोनदा! डाव्या हाताने ग्लास उचलतात, तोंडाला लावतच नाहीत. तिरका करतात आणि पाणी कुठे जातं ते बघत बसतात. वर माझ्याकडे बघतात, जसं काय मी टाळ्या वाजवणार!

आनंदा म्हणाला, "होतं असं. मेंदू लहान मुलासारखा होतो. म्हणून तर केंद्र बरं." बरोबर आहे. लवकर केलं पाहिजे.

३० जानेवारी

पातं जोडलं. पहिल्या फेरीला जमीन दगड. पातं वरून घासत गेलं, नुसता खरखराट. मला बैलांची फळी आठवली. म्हटलं, थांब, मी वजनाला बसते. पदर खोचला, एक पाय वर टाकला — गुणाजी सीटवरून उडीच मारून आला. "काकी, उतर! खाली दाते हायेत! रस्त्यात तूच पसरशील!" उतरले. तो ओरडला तेव्हा त्याचं बरोबर होतं. त्याला सांगितलं नाही.

मग आदल्या दिवशी पाणी मारून ठेवायचं ठरलं. चिखल नको, धूळ नको. मुठीत दाबली की लाडू व्हावा, बोट लावलं की फुटावा.

ह्यांनी आज शर्टावर सांडलं.

१ फेब्रुवारी

दाते खाली सोडून उंचवटे उकरले. मग दाते वर घेतले आणि नुसत्या पात्याने माती फिरवली. गुणाजीला हळू चालवता येत नाही. जोरात गेला, पात्याने खालीवर केलं, रस्त्यावर लाटा आल्या. मी ओरडले, "मला रस्ता पाहिजे रे, खाडी नको!" पहिल्या गियरमध्ये आण म्हटलं. पातं बोटभरच कापू दे, सगळं एका घासात खायचं नाही.

ह्यांना ओट्यावरून रस्ता दिसतो. सारखं "ऊं ऊं" करत होते. आवाजाचा त्रास होत असेल. आत नेऊन ठेवलं. आत पण ऊं ऊं.

३ फेब्रुवारी

चोचीचा कप आणला, लहान पोरांचा असतो तसा. त्यातून सांडत नाही. ह्यांनी अंगणात भिरकावला. कुत्रा घेऊन गेला.

रंभा म्हणते, "राग हाय गो त्यांना." मी म्हटलं, राग यायला अक्कल लागते. पोतं ते पोतं.

५ फेब्रुवारी

झाला! नाक्यापासून ओट्यापर्यंत. दोन टोकांना दोरी ताणून बघितली. कुठे बोट जाणार नाही. गुणाजीने मोटारसायकल घालून बघितली, दोन्ही हात सोडून. दात दाखवत आला, तंबाखूचे.

आनंदा खूश. रविवारी गाडी बोलावतो म्हणाला. बोलव म्हटलं.

माझे पाय काही ठरत नाहीत. भाकरी करपली. चार वेळा नाक्यापर्यंत जाऊन आले, काही काम नव्हतं.

७ फेब्रुवारी

टँकर आला पाण्याचा. नळाला पाणी नाही, नेहमीचंच. त्याचा मागचा वॉल्व्ह गळका. टाकी भरून होईपर्यंत रस्त्यावर पाणीच पाणी! मी ओट्यावरून बघत होते. पाणी पसरलं, सगळीकडे सारखं, थांबलं. वाफा भरल्यासारखा! मनात म्हटलं, केशर, हात गेला नाही अजून.

मग टँकर निघाला आणि चाकं रुतली. नवीन मऊ माती, वर पाणी उभं. पुढे-मागे, पुढे-मागे, दोन चर पडले. गुणाजी ट्रॅक्टर लावून ओढायला गेला. ड्रायव्हर मला म्हणतो, "आजी, रस्ता केलाय की तळं?"

मी ओट्याच्या कडेला येऊन चर बघितले.

मागे पाणी पडल्याचा आवाज. हे. ग्लास तिरका करून. ह्या वेळी मी पुसायला वाकले नाही, नुसती बघत राहिले. पाणी ओट्यावरून धावत कडेला गेलं, खाली नालीत गेलं. ओटा घडीभरात कोरडा. ओटा बांधताना उतार ह्यांनीच काढलेला.

मिठाच्या वाफ्यात पाणी राहायला पाहिजे. रस्त्यावरून जायला पाहिजे. एवढं साधं! आणि मी जन्मभर पाणी अडवायला शिकलेली बाई.

९ फेब्रुवारी

रविवारची गाडी पुढे ढकलली. आज आनंदाही थांबला कामाला. ओट्याचा उतार ह्यांचा, म्हणून ह्यांनाच खुर्चीसकट रस्त्याच्या तोंडाशी नेलं, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

ट्रॅक्टरच्या मागच्या एका बाजूच्या दांड्याला हँडल असतं. ते फिरवलं की पातं एका अंगाला झुकतं. गुणाजीने फिरवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डावा हात आडवा धरला, तिरका केला. अजून? अजून थोडा. बस, मूठ वळली. मग एक अंग झालं, दुसरं अंग झालं. माती कडेकडून मधे आली. मधे उंच, दोन्हीकडे उतार, कासवाच्या पाठीसारखा. कडेला चर काढून नालीला जोडला.

गुणाजी एकदा चुकला तर ह्यांनी चप्पल फेकून मारली. लागली पण! गुणाजी हसत म्हणतो, "काका बरा झाला!"

आनंदाला म्हटलं, ह्यांना कळतंय की रे. तो म्हणाला, "हाताची जुनी सवय असते आई. डोकं नाही ते." असेल. तो शिकलेला आहे.

सबंध दिवसात ग्लास सांडला नाही. लक्षात आलं, लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

टँकर आला, गळला, गेला. रस्ता कोरडा.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी आली. सरळ ओट्यापर्यंत. कुठे आपटली नाही. ड्रायव्हरने खुर्ची चढवायला फळी लावली आणि विचारलं, "आजी, बाबांना सांगितलंय ना, कुठे नेतोय ते?"

मी म्हणणार होते, सांगून काय उपयोग. तेवढ्यात ह्यांच्या हाताशी ठेवलेला ग्लास दिसला. मी "वाफ्यासारखा" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ग्लास सांडायला लागला. म्हणजे तो शब्द कळला. म्हणजे बाकीचेही कळले. सगळं वर्ष. पोतं. भजन. रस्ता कशासाठी चाललाय ते. तरी ह्यांनी रस्ता बरोबर करून घेतला.

गाडी रिकामी पाठवली. आनंदा ओरडतोय फोनवर, ओरडू दे.

ह्यांना पाणी दिलं. प्यायले. थेंब सांडला नाही.