भिंतीपलीकडचा माणूस जिवंत आहे

मी, विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातला निवृत्त यंत्रदुरुस्तीवाला, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडल्यास शरीराने धड आणि बायकोचे मत वगळल्यास डोक्यानेही ठीक, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण कसे आणतात हे मी पगार घेऊन पाहिले आहे.

कलम १. राहते घर पत्नीस. कारण असे. आमचे सर प्रयोगासाठी माणसे बोलवत. पुढ्यात मी बनवलेली चोवीस बटणांची पेटी. भिंतीपलीकडचा माणूस उत्तर चुकला की पुढचे बटण दाबून त्याला शॉक द्यायचा. वीज फक्त दिव्यांपुरती होती. पलीकडे मी चहा पीत बसे आणि ठरल्या बटणाला ओरडे. कोणी कचरला की सर शांतपणे म्हणत, "चालू ठेवा." बहुतेक जण चालू ठेवत. एकीने मात्र नवव्या बटणाला उठून दार उघडले, माझा कप पाहिला आणि आम्हा दोघांनाही फैलावर घेतले. तिच्याशीच मी लग्न केले.

कलम २. हत्यारे पुतण्यास. ड्रिल त्याने आधीच नेले आहे, तेही दिले असे समजावे.

कलम ३. पेटी कोणासही देऊ नये. फोडावी.

कलम ४. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांनी रडत रडत चोवीसही बटणे दाबली होती. पुढे महिनाभर ते विभागाच्या दाराशी येऊन विचारत, तो माणूस वाचला ना? दार मीच उघडत असे. खरे सांगायचे नाही, असा सरांचा हुकूम. हो की नाही ते कळू न देता मी नुसती मान हलवून त्यांना परत पाठवी. आवाज ओळखतील या भीतीने बत्तीस वर्षे मी त्यांच्या दुकानात बोटाने दाखवून बिस्किटे घेतली. मला मुका समजून ते दोन जास्त घालतात. याची मला लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर त्यांना सर्व कळवावे.

कलम ५. कलम ४ रद्द. कच्चा मसुदा वाचून पत्नी म्हणाली, "तुम्ही जिवंत होतात, हे मेल्यावर कळवणार? चपला घाला."

गेलो. "तो मीच," एवढेच बोलता आले. बेकरीवाले पिठाच्या पोत्यावर बसले, बराच वेळ रडले, मग मला यथेच्छ झापले. शेवटी बत्तीस वर्षांची जादा बिस्किटे परत मागितली.

ठिकाण: बेकरीतले बाकडे. दिनांक: आजचाच, उद्यावर ढकललेला नाही.

साक्षीदार पहिले: शेजारचे दंतवैद्य. "इथे सही करा" म्हणालो, त्यांनी न वाचता केली.

साक्षीदार दुसरे: बेकरीवाले. त्यांनाही तेच म्हणालो. ते म्हणाले, "आधी वाचणार." दोनदा वाचले, मग सही केली.