विहिरीची सवय

सालईखेडा, ता. रामटेक
सोमवार, दुपार

प्रिय सुरुची,

हे पत्र अंगणवाडीच्या मोनालीताईंच्या हाती पाठवते आहे. आपली घरं एकाच गावात, मधे फक्त मारुतीचं देऊळ आणि पिठाची चक्की, तरी पत्र. फोन केला तर गिरिधरभाऊ उचलतात आणि "सरपंचबाई मीटिंगमधी आहे" म्हणून ठेवून देतात. दारात येऊन बोलायचं तर माझा आवाज चढणार, आणि तुझ्या सासूबाईंनी तो ऐकावा असं मला अजूनही वाटत नाही. शिवाय समोर आलीस की तू माझा हात धरतेस, "चारू, तू तरी समजून घे वं" म्हणतेस, आणि मी घेते समजून. दोन वर्षं तेच केलं. आज मला समजून घ्यायचं नाही. मला रागवायचं आहे, मधे कुणी न तोडता, शेवटपर्यंत.

आधी बातमी सांगते, कारण तुला ती कुणी सांगितली नसेल. यमुताई शनिवारी नागपूरहून घरी आल्या. खुब्यात सळई घातली आहे. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालतील, पण आधी बरेच दिवस खाटेवरच. खाट ओसरीत टाकली आहे. ज्या बाईनं उभा जन्म डोक्यावर शिंगाड्यांची पाटी घेऊन रामटेकचा बाजार केला, तिला आता कुशीवर वळायला सुनेला हाक मारावी लागते. रुख्मिणी बिचारी एका हाकेत येते. पण सासूला पुसायला, तिचे कपडे धुवायला पाणी लागतं, आणि ते पाणी ती कुठून आणते हे तुला सांगायला नको. त्याच पायविहिरीतून, त्याच शेवाळलेल्या पायऱ्या उतरून.

तुला आठवतं, तू सरपंचपदाला उभं राहायचं ठरवलंस तेव्हा तुझ्यासोबत कोण होतं? पुढारी बाबारावांना तुझ्याऐवजी स्वतःच्या सुनेला उभं करायचं होतं. तुमच्या वरच्या मोहल्ल्यात तुझ्यासाठी दार उघडायला लोक कचरत होते. नवरा असून गिरिधरभाऊ तर दुकानाच्या गल्ल्यावरून हललेसुद्धा नाहीत. मी होते, आणि यमुताई होत्या. भर उन्हात त्या आपल्यापुढे चालायच्या आणि प्रत्येक दारात म्हणायच्या, "ही पोरगी पाणी आणंल, मी सांगून राहिले." आम्हा मासेमारांच्या ढिवरपुऱ्यातली सगळी मतं त्या एका वाक्यावर पडली, सुरुची. तुझ्या भाषणावर नाही. रामटेकच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो, एका डब्यात जेवायचो, म्हणून मी तुझ्यासोबत आले. यमुताईंचं तुझ्याशी काहीच नातं नव्हतं. त्यांनी नुसता विश्वास ठेवला.

आणि पहिलं वर्ष तू कामही केलंस, ते मी नाकारत नाही. खांबावरचे दिवे लागले. चक्कीमागची नाली उपसली, आणि ती उपसून होईपर्यंत तू नाकाला पदर लावून काठावर उभी राहिलीस. रहिवासी दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना तीन-तीन चकरा मारायला लावायचे, ते तू बंद केलंस. तेव्हा मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगायचे, पाहा, बाई असली की गाव कसं चालतं. ते जाळी विणता विणता नुसते हसायचे. ते हसले की मला राग यायचा. आता वाटतं, त्यांना माझ्याआधी दिसलं होतं.

आता पाण्याचं. गावाची टाकी वरच्या अंगाला आहे, ढिवरपुरा उतारावर. पाणी आपसूक खाली यायला पाहिजे. येत नाही, कारण वरच्या मोहल्ल्यात घराघरात नळाला टिल्लू पंप लावले आहेत आणि लाइनीतलं सगळं पाणी ते मधेच ओढून घेतात. कुणाची वरची टाकी भरते, कुणाच्या बागेतली केळी पिते, बाबारावांच्या दारात ट्रॅक्टर धुतला जातो. आमच्या नळाला कान लावला तर नुसती हवा फुसफुसते. हे पंप जप्त करायचा ठराव गेल्याच वर्षी झाला, तुझ्याच अध्यक्षतेखाली, आणि हात वर करणाऱ्यांत बाबारावही होते. मग तू म्हणालीस, होळी होऊ दे. होळी झाली, तर म्हणालीस लग्नसराई आहे, लोकांकडे पाहुणे आहेत. पंचायतीच्या मार्चच्या मासिक सभेत सदस्य म्हणून मी पुन्हा विषय काढला, तेव्हा बाबाराव पान चघळत म्हणाले, "ढिवरपुऱ्यातल्या लोकायले तलाव आहे ना समोर, त्यायले पाण्याची काय कमी?" सगळे हसले. ग्रामसेवकसुद्धा हसले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मोबाइलमध्ये पाहत होतीस. सुरुची, तू हसली नाहीस एवढ्यावर मी त्या दिवशी समाधान मानलं. काय माझी अक्कल!

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच यमुताई पडल्या. घरात प्यायला थेंब नव्हता, रुख्मिणी रोजगार हमीच्या कामावर गेलेली. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की कळशी बुडवायला शेवटच्या पायरीवर उतरावं लागायचं. तिथून त्या घसरल्या. आमच्या ह्यांनी आणि दोघा-तिघांनी त्यांना खाटेवर बांधून वर काढलं. तू दुसऱ्या दिवशी नागपूरला दवाखान्यात आलीस, केळी आणि नारळपाणी घेऊन. यमुताई वेदनेनं तोंड वाकडं करत होत्या, आणि ग्रामसेवक म्हणाले, "ताई, जरा इकडे पाहा." फोटो गावाच्या ग्रुपवर आला, खाली शंभर हात जोडलेले. त्या फोटोत मीही आहे, तुझ्या मागे अर्धी.

पण साहेब आले त्या दिवसाचं मी विसरणार नाही. तक्रार मी केली होती, माझ्या नावानिशी. पंचायत समितीचे साहेब जीपनं आले, तू सोबत, बाबाराव सोबत. साहेब आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, उघडा नळ. मी उघडला. आणि पाणी आलं. नुसतं आलं नाही, धो धो आलं, साहेबांच्या बुटांवर उडालं. नळवाल्या गोविंदानं नंतर मला सांगितलं, आदल्या संध्याकाळी बाबाराव वरच्या मोहल्ल्यात घरोघर फिरून मोटरी बंद ठेवायला सांगून आले होते, आणि वरच्या लाइनीचा वाल पुरा आवळायला लावला होता. साहेब मला म्हणाले, "बाई, पाणी तर चांगलं येऊन राहिलं. काहून तक्रार केली?" मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. तुझे शब्द मला पाठ आहेत. "यमुताईले विहिरीची सवय होती साहेब. जुन्या लोकायले नळाचं पाणी गोड लागत नाही."

सवय! एकाहत्तरीच्या बाईला मणक्यातून कळा येताना पायऱ्या उतरायची सवय असते? तहानेची सवय असते? तू हे बोलत होतीस तेव्हा माझ्या मागे काय चाललं होतं, ते तू पाहिलंस का? ढिवरपुऱ्यातल्या साऱ्या बाया धावत होत्या. हंडे, बादल्या, पातेली, लग्नातली पितळी घंगाळी, पोरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून घेत होत्या, कारण हे पाणी उद्या नसणार हे प्रत्येकीला ठाऊक होतं. रोज नळाला पाणी येणाऱ्या बाया अशा धावतात का, एवढं साहेबांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "वा, महिला उत्साही आहेत." आणि जीपमध्ये बसले. मी गावासमोर खोटारडी ठरले ते सोड. पण यमुताई तेव्हा दवाखान्यात होत्या, त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं, आणि तू त्यांचं दुखणं त्यांच्याच माथी मारलंस.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा. तिसऱ्या दिवशीही. मग काय झालं ते तू नागपूरहून प्रशिक्षण आटोपून आल्यावर ऐकलं असशील, बाबारावांच्या तोंडून. आता माझ्या तोंडून ऐक. पाणी सुटायच्या वेळी आम्ही दहा-बारा जणी वरच्या मोहल्ल्यात गेलो. भांडायला नाही. प्रत्येक दारात मी सांगितलं, मी पंचायतीची सदस्य आहे, गेल्या वर्षीचा ठराव आहे, पंप काढून द्या, ग्रामपंचायतीत ठेवतो आहोत, ग्रामसभेत बोलू. काहींनी शिव्या दिल्या. एकानं कुत्रं सोडलं, ते रुख्मिणीला पाहून शेपूट हलवायला लागलं, कारण ती त्या घरी कधीकाळी मासळी द्यायची. बाबारावांच्या घरी तर त्यांच्या सुनेनंच पाना आणून स्वतः नट सोडवले. मला हळूच म्हणाली, "मामाजी वावरात गेले, लवकर न्या वं." पंप ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात ओळीनं ठेवले आहेत, प्रत्येकावर खडूनं नाव घातलं आहे. आता बाबाराव म्हणतात ही चोरी आहे, आणि पोलिसांत द्यायच्या तक्रारीवर सरपंचाची सही पाहिजे. तू अजून सही केली नाहीस, असं ऐकते. विचार करून राहिलीस म्हणे.

तर विचार करताना एक गोष्ट तुला ठाऊक असावी. ती मी कुणाला सांगितलेली नाही, आमच्या ह्यांनाही नाही. हे पत्र त्याच्यासाठी आहे, बाकी सगळा राग वाटेत आला.

त्या दिवशी आम्ही तुझ्याही दारात आलो. बायांना बाहेर उभं करून मी एकटी आत गेले, नेहमीसारखी, मागच्या दारानं. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. न्हाणीमागून घुंऽऽ असा आवाज येत होता. तिथे एक पत्रा आडवा लावलेला होता. मी तो सरकवला. निळी, नवी कोरी मोटर, अजून तिच्यावरचा कंपनीचा कागद निघाला नव्हता. गिरिधरभाऊंनी तुला न विचारता बसवली, असं तू म्हणशील. म्हण. पण अंघोळ तर त्याच न्हाणीत करतेस ना? रोज सकाळी तो आवाज तुझ्या कानांवर पडतो, आणि तरी साहेबांसमोर तुला 'विहिरीची सवय' सुचली.

मी ती मोटर काढली नाही. पत्रा होता तसा लावला, बाहेर आले आणि बायांना म्हणाले, "इथं नाही." रुख्मिणीचा चेहरा उजळला. म्हणाली, "मी म्हटलंच होतं, सरपंचबाई तसली नाही." सुरुची, जिच्या सासूचं हाड मोडलं तिनं तुझी बाजू घेतली, आणि मी मान डोलावली. तुझ्यासाठी मी त्या बाईशी खोटं बोलले. त्या क्षणापासून अन्न गोड लागत नाही. तुझ्यावर जो राग आहे तो सगळा एकीकडे, आणि तू मला हे करायला लावलंस तो एकीकडे. हे मला दुसऱ्यांदा जमणार नाही.

शुक्रवारी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की तू स्वतःच्या हातानं तुझी मोटर घेऊन ये. गिरिधरभाऊंच्या गाडीवर नको, कुणाच्या हाती पाठवू नको, गावातून चालत आण आणि बाबारावांच्या मोटरीशेजारी ठेव. मग साऱ्या गावासमोर सांग की यमुताईंना विहिरीची सवय नव्हती, त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. पोलिसांच्या कागदावर सही करू नकोस. एवढं केलंस तर तुझ्यामागे उभी राहणारी पहिली बाई मी असेन, आणि बाबारावांनी तुझी खुर्ची ओढायचं ठरवलं तर त्यांना आधी ढिवरपुऱ्यातून जावं लागेल. नाही केलंस, तर ग्रामसभेत मी उभी राहून आधी रुख्मिणीची माफी मागेन, कशाबद्दल ते सर्वांसमोर सांगेन, आणि मग त्याच बायांना घेऊन तुझ्या न्हाणीमागे येईन. तेव्हा मात्र सासूबाईंची पूजा चालू आहे का, ते पाहणार नाही. बाकी कुणाला मी चार दिवस दिले नसते. तुला देते आहे.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
चारुशीला