नुसतं बघताना उडालेला अंगठा

तीर्थरूप बाबांना, तुमच्या शेंडेफळाचा वाकून नमस्कार.

आज आमच्या मेंदूच्या प्रयोगशाळेत प्रयोगाच्या खुर्चीवर मीच बसले! डोक्याशी धरलेल्या चुंबकाने टक् करून मेंदूला इशारा दिला की हाताचा अंगठा आपोआप उडतो. दुखत नाही, आईला सांगा. मग पडद्यावर सुई चालवणारा हात दाखवला. मी नुसती बघत होते, तरी तेवढ्याच टक्‌ला अंगठा दुप्पट उडाला! बघतानाही मेंदू हाताची तयारी करतो, बाबा!

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळा पडलेला तुमचा हात लगेच शिवायला लागेल, असं नाही म्हणत. व्यायाम करताय ना?

दादा तुमच्या शिलाई मशीनवर बसला की तुम्ही भिंतीकडे तोंड करता, असं आईने लिहिलंय. उद्यापासून त्याच्या हातांकडे बघा. शिवण वाकडी गेली तर खुशाल ओरडा. तो त्याचीच वाट बघतोय.

तुमची,
शेंडेफळ